शिडीची तालीम

दसऱ्याला आठवडा उरला होता आणि माझे सासरे शिडी चढायची तालीम करत होते.

शिडी आमच्याच पडवीतली, माळ्यावर जायची, कळकाची. सकाळचा चहा झाला की मामा, म्हणजे सासरेच, धोतराचा सोगा खोचायचे, पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि चढायला लागायचे. मला खाली शिडी धरून उभं केलेलं असायचं. तीन-चार पायऱ्या झाल्या की ते थांबत आणि मान वर करून छपराकडे बघत राहत. खांदे वरखाली होत, गळ्याजवळचा खळगा आत ओढला जाई. उतरता का, असं मी विचारलं की एकच उत्तर यायचं.

"थांब पोरी. कौलं बघतोय."

कौलांत बघण्यासारखं काही नव्हतं. मृगाच्या आधीच महिपतीनं ती परतून घेतली होती आणि पावसाळाभर एक थेंब गळला नव्हता. पण केरबा कुंभाराला दम लागतो, असं तोंडावर म्हणायची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. म्हणून आम्ही सगळेच कौलं बघत होतो.

महिपती म्हणजे माझा नवरा. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची चाल नव्हती, 'हे' आणि 'ऐकलं का' यावरच संसार चालायचा. आता माझं वय झालं, ती भीडही गेली, म्हणून सरळ महिपती म्हणते. घरात आम्ही चौघं. मामा, सासूबाई म्हणजे आत्याबाई, महिपती आणि मी. मला मुळात एका जागी बसवत नाही. माझी आई म्हणायची, मालनच्या पायाला भिंगरी आहे. त्या आठवड्यात तर मी धान्य निवडायला बसायची आणि निवडलेलंच पुन्हा निवडत राहायची.

तालमीचं कारण सांगते. आमच्या भागातल्या साखर कारखान्यात हंगामाच्या तोंडावर, दसऱ्याला, बॉयलर पेटवायचा मोठा समारंभ असतो. पूजा होते, बँड वाजतो आणि एका जोडप्याच्या हातून बॉयलरमध्ये मशाल टाकली जाते. जोडपं बहुतेक चेअरमनचं, नाहीतर एखाद्या संचालकाचं. पण त्या वर्षी कारखान्याचं पंचविसावं वर्ष होतं, म्हणून चेअरमनसाहेबांनी हा मान कामगाराला द्यायचं ठरवलं. पत्रिकेवर छापून आलं, श्री. केरबा कुंभार व सौ. अनसाबाई यांच्या शुभहस्ते. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती पत्रिका देवघरात ठेवली आणि येईल त्याला बोट लावून दाखवायच्या की हे माझं नाव. बहुतेक वेळा बोट चेअरमनच्या नावावर असायचं.

मशाल टाकायची तर भट्टीच्या तोंडापर्यंत जायला हवं, आणि तिथं लोखंडी जिना होता. चांगला उभा, वर जाळीचा ओटा. तो जिना मामांनी आयुष्यभर खांद्यावर घमेली घेऊन चढला होता. आता रिकाम्या हातानं चढता येईल की नाही, याची तालीम पडवीत चालली होती.

आम्ही कुंभार. मग साखर कारखान्यात कुंभाराचं काय काम, असं कुणीही विचारेल. बॉयलरमधून वाफ ज्या नळ्यांतून जाते त्यांच्यावर जाड लेप द्यावा लागतो, नाहीतर वाफ वाटेतच निवते. या कामाला तिथं लॅगिंग म्हणत. लेपाची माती पोत्यांतून यायची, पांढरी, मऊ, पिंजलेल्या कापसासारखी. ती पाण्यात कालवायची, पायानं मळायची, हातानं नळीवर थापायची आणि थापीनं चोपून गुळगुळीत करायची. इंजिनिअरनं पहिल्यांदा गवंडी लावून बघितले, ते जमेना. मग कुणीतरी म्हणालं, मडक्याचं पोट ज्याला येतं त्याला नळीचं पोट येणार नाही का? तेव्हापासून ते काम कुंभारांचं झालं आणि मामा टोळीचे मुकादम झाले. हंगाम संपला की जुना लेप हातोड्यानं फोडून काढायचा आणि नवा द्यायचा. फोडताना असा धुरळा उठायचा की चार हातांवरचा माणूस दिसायचा नाही. बाकीचे कामगार तेवढ्या वेळ बाहेर पळत. कुंभार पळत नसत. मामांचं एक बोलणं ठरलेलं होतं, आणि ते त्यांच्या आज्याचं होतं म्हणे. माती माणसाला खात नाही, माणूस मातीला खातो. मातीला भ्यायचं म्हणजे कुळाला बट्टा.

उरलेली माती मामा घरी आणायचे. चोरून नाही, साहेब स्वतःच म्हणायचे की फुटक्या पोत्यातली घेऊन जा. आमच्या घरच्या शेगड्या आणि चुली पंचक्रोशीत नावाजल्या होत्या त्या या मातीमुळे. पूर्वी शेगडीच्या चिखलात घोड्याची लीद आणि भाताचा तूस घालत, म्हणजे ती तडकत नाही. टांगे बंद झाले तशी लीद मिळेनाशी झाली आणि त्याच सुमाराला ही पांढरी माती घरात आली. तिच्यातल्या बारीक तारा चिखलाला अशा धरून ठेवत की शेगडी वरून पडली तरी कोचा पडे, तडा जात नसे. जयसिंगपूरच्या बाजारात बायका विचारत यायच्या की केरबाच्या घरची आहे का.

मातीचं प्रमाण आत्याबाईंच्या हातात होतं. परड्यात छपराखाली बसून त्या ती कोरडी चाळायच्या. डोक्याला फडकं घट्ट बांधायच्या, केस खराब होतात म्हणून. उठल्या की भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि मामा म्हणायचे, म्हातारी झालीस गं अनसा. लग्न होऊन आल्यापासून चाळलेली माती चिखलात घालून मळायचं काम माझ्याकडे होतं. मला ते आवडायचं. तेवढा वेळ तरी माझे पाय ठिकाणावर असायचे.

तर त्या आठवड्यात, तालीम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी, मी मामांना मिरजेला दवाखान्यात नेलं. मामांना समारंभापर्यंत रजा होती, पण महिपतीला कारखान्यातून सुटका नव्हती, हंगामाआधीचं काम अंगावर आलं होतं. मामा यायला तयार नव्हते. समारंभापुरता दम आवरणारं एखादं इंजेक्शन मिळेल, असं मी सांगितलं तेव्हा एस.टी.त बसले. डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, हळू बोलणारा. त्यानं छातीचा फोटो काढला, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. बिडी ओढता का म्हणाला. मामा माळकरी, त्यांना रागच आला. मग काम काय करता म्हणाला. मामांनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं, फोडणं, मळणं, थापणं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"आजोबा, ती माती नव्हे," तो म्हणाला. "तो दगडाचा धागा आहे. छातीत गेला की बाहेर येत नाही. छाती आतून आवळत जाते."

मामांनी विचारलं की औषध काय. डॉक्टर म्हणाला, दम कमी वाटेल अशा गोळ्या देतो, पण झालंय ते मागं फिरणार नाही. मग मामांना बाहेर बसायला सांगून त्यानं मला थांबवलं. हे लगेच दिसत नाही, म्हणाला, पंधरा-वीस वर्षं आत पडून राहतं आणि मग वर येतं. काम सोडलं म्हणून सुटका झाली असंही नाही. आणि शेवटी विचारलं, "त्या कामावर घरातलं आणखी कोण आहे?"

मी म्हणाले, मालक आहेत.

"त्यांना तिथून काढा," तो म्हणाला. "जमेल तेवढ्या लवकर."

स्टँडवर मामांनी स्वतःला चहा आणि मला कांदाभजी सांगितली. डॉक्टर शिकलेला असला तरी मातीतलं त्याला काय कळतंय, असं म्हणाले. मी एक भजं हातात घेऊन नुसती उभी होते. गाडी लागली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात बोलायचं न्हाई. दसरा हू दे."

मी कुठली गप्प बसते. संध्याकाळी महिपती आला, विहिरीवर हातपाय धुवायला गेला, तिथंच मी त्याला सगळं सांगितलं. तो नखातली पांढरी माती काडीनं काढत ऐकत राहिला. त्याचं मन कुठं आहे ते मला माहीत होतं. दहा वर्षं तो टोळीत होता, पण कामापुरता. बोलावलं की जायचं, नाही बोलावलं तर घरी. चेअरमनसाहेबांनी मामांना सांगून ठेवलं होतं की समारंभात काय मागायचं ते माइकवर मागा, मी सगळ्यांदेखत देतो. आणि मामा काय मागणार ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. महिपतीला कायम करा, मुकादम करा. त्यानंतर मामा आपली थापी महिपतीच्या हातात देणार होते. आमच्यात दसऱ्याला बाप मुलाला थापी देतो, आणि एकदा घेतली की ती खाली ठेवायची नसते. मामांची थापी बाभळीची होती, त्यांच्या वडिलांनी तासलेली. आधी तिनं मडकी घडवली, मग नळ्या.

"कायम झालो की कारखान्याची खोली मिळंल," महिपती म्हणाला. "तुलाच पायजे हुती न्हवं?"

मला हवी होती हे खरं. नळ असलेली खोली, दर महिन्याला येणारा पगार, कुणाच्या बोलावण्याची वाट न बघणं. त्यासाठी मी वर्षानुवर्षं सोमवार धरले होते. पण मी म्हणाले, तुमच्या वडलांकडं बघा की जरा. तो म्हणाला, आबांचं वय झालंय. मी म्हणाले, चुलत सासरे त्यांच्याहून थोरले आणि अजून आमराईत झाडावर चढतात, त्यांनी कधी ही माती हातात धरली नाही. त्यावर तो काडी फेकून उठला. दुसरं काय काम येतंय मला, एवढं बोलून निघून गेला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. घागर विहिरीवर न्यायची आणि न भरता परत आणायची. महिपती जेवायला बसला की त्याच्या छातीकडं बघत राहायची. तो शिंकला तरी माझ्या हातातलं उलथनं थांबायचं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी खुंटीवरची थापी काढली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली. थापी नसली म्हणजे काम थांबतं असं थोडंच आहे, पण डोकं ठिकाणावर नसलं की माणूस असलंच काही करतं. आत्याबाई भाताला तांदूळ काढायला गेल्या आणि थापी हाताला लागली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि पुन्हा खुंटीला अडकवली. चूल फुंकायला तेवढं मला सांगितलं. हल्ली चूल फुंकायची झाली की त्या मलाच हाक मारत, ते सुनेनं करायचं काम म्हणून मीही कधी विचार केला नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. चाकाला हळदकुंकू लागलं, थापीला झेंडूचं फूल वाहिलं. दुपारी महिपतीही घरी होता. मामांना एकदम हुरूप आला. आज पुरी तालीम करायची म्हणाले, उद्यासारखी, जोडीनं. आत्याबाई आठवडाभर शिडी टाळत होत्या. कधी पीठ मळायचं असायचं, कधी गुडघा दुखायचा, कधी म्हणायच्या बायकांनी शिडी चढायची असते होय? त्या दिवशीही त्या पुरण वाटायचंय म्हणून आत निघाल्या होत्या. मामा ऐकेनात.

"पत्रिकेत नाव तुजं बी हाय," ते म्हणाले. "चेअरमनाम्होरं अडलीस तर माजी शोभा व्हईल."

आधी मामा चढले. त्या दिवशी त्यांनी दोनदाच कौलं बघितली आणि माळ्याच्या काठावर जाऊन बसले, पाय खाली सोडून, घाम पुसत, तोंडभर हसत. आता तू, म्हणाले. आत्याबाईंनी कासोटा घट्ट केला आणि चढायला लागल्या. एका बाजूनं मी शिडी धरली होती, दुसऱ्या बाजूनं महिपतीनं. बाई अंगानं काटकुळी, चिमणीएवढं वजन. भराभर चढतील असं मला वाटलं होतं.

चौथ्या पायरीवर त्या थांबल्या. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. माझ्या तोंडासमोर त्यांची पाठ होती आणि ती पाठ लुगड्याच्या आत वरखाली होत होती. महिपतीनं विचारलं, आई, काय झालं गं? त्यांनी मान वर केली, छपराकडं बघितलं आणि म्हणाल्या,

"काय न्हाई. कौलं बघतीय."

महिपती हसला. मामाही वरून हसले, माझी नक्कल करतीस व्हय म्हणाले. आणि मग त्यांचं हसणं थांबलं. वरून त्यांना तिचं तोंड दिसत होतं, आम्हाला फक्त पाठ. गळ्याजवळचा तो खळगा कसा आत ओढला जातो हे त्या घरात त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक असणार?

"कवापासनं?" मामांनी विचारलं.

आत्याबाई दम घेत घेत म्हणाल्या, "झाली की दोन वर्सं."

"आनि बोलली न्हाईस?"

"तुमच्याच खोकल्यानं घर भरलं हुतं. त्यात माजा कुटं घालू? आनि मी काय कारखान्यात जाते व्हय?"

आत्याबाई एकदासुद्धा कारखान्यात गेल्या नव्हत्या. उद्या पहिल्यांदाच जाणार होत्या. मामा वर बसल्या बसल्या मागं वळले. माळ्याच्या झरोक्यातून आमचं परडं दिसायचं. ते तिकडं बघत राहिले. काय बघत होते ते मला खालूनही कळलं, कारण मी रोज तिथंच उभी असायची. छपराखाली पोतं, पोत्यावर चाळण, चाळणीखाली पांढरा ढीग आणि भिंतीकडेनं वाळायला मांडलेल्या शेगड्या.

आत्याबाईंना महिपतीनं उचलून खाली घेतलं. मामा कुणाचा हात न धरता उतरले आणि सरळ परड्यात गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी चाळण उचलली, उन्हात धरली. तिच्या जाळीत बारीक तारा अडकल्या होत्या, उन्हात चमकत होत्या. ते किती वेळ ती हातात फिरवत होते. मग त्यांनी ती खाली ठेवली, हळूच, आवाज न करता.

"माती न्हवं ती," ते म्हणाले.

महिपतीनं माझ्याकडं बघितलं. त्या दुपारी पुरण वाटलं गेलं, पोळ्याही झाल्या, पण कोण किती जेवलं ते मला आठवत नाही. मामांनी बादलीनं पाणी आणून त्या पोत्यावर ओतलं, आणखी आणलं, आणखी ओतलं. प्रत्येक बादलीमागं थांबत होते, पण आता कौलं बघायचं नाव काढत नव्हते. मी मदतीला गेले तर माझ्यावर खेकसले. लांब हो म्हणाले. मी लांब झाले, पण माझे पाय सहा वर्षं त्याच मातीत होते, ते कुठं नेऊ असं मनात आलं.

दसऱ्याला कारखान्याची जीप आम्हाला न्यायला आली. पटांगणात मांडव, बँड, फेटे, शेतकरी, कामगार, नुसती गर्दी. टोळीतले कुंभार नवे सदरे घालून पुढं उभे होते. आत्याबाई हिरव्या लुगड्यात होत्या, नाकात त्यांच्या आईची नथ. मामांच्या कमरेला धोतरात खोचलेली थापी होती, आणि ती बघून महिपतीचा चेहरा उजळला. रात्रभर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बापानं विचार बदललेला नाही, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मला उभं राहवेना. मी गर्दीतून पुढं, पुन्हा मागं, अशी फिरत होते. एक बाई म्हणाली, बस की गं खाली, तुझं काय हरवलंय.

दोघं जिना चढायला लागले. मामा एक पायरी, आत्याबाई एक पायरी, मग दोघं थांबायचे. पुन्हा एक पायरी, पुन्हा थांबायचे. मामांनी तिचा हात धरला होता, चारचौघांत, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. लोकांना ते फार आवडलं. काय शालीन जोडी आहे, असं माझ्या मागं कुणी म्हणालं. फोटोवाला खूश होता, प्रत्येक पायरीवर त्याला सावकाश फोटो मिळत होता. मी मात्र दोघांचे खांदे बघत होते.

वर पोचल्यावर चेअरमनसाहेबांनी माइक हातात घेतला. पंचवीस वर्षांची सेवा, निष्ठा, घाम, सगळं बोलले. मग म्हणाले, "केरबा, आज तुम्ही मागायचं आणि आम्ही द्यायचं. बोला."

माइक मामांच्या तोंडाशी आला. मामांनी तोंड उघडलं. लाउडस्पीकरमधून साऱ्या पटांगणाला त्यांचा श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा, आत जाणारा आणि बाहेर येणारा. शब्द आला नाही. लोक वाट बघत होते. महिपती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, वर बोलावतील म्हणून. मामांनी एकदा खाली त्याच्याकडं बघितलं आणि माइक हातानं बाजूला सारला.

दोघांनी मिळून मशाल धरली आणि भट्टीत टाकली. उसाचा भुस्सा धडाडून पेटला. बँड सुरू झाला. आणि मग मामांनी कमरेची थापी काढली, कपाळाला लावली आणि त्या जाळात टाकून दिली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चेअरमनसाहेब माइकवर म्हणाले की केरबांनी आपलं हत्यारच अग्नीला अर्पण केलं, याला म्हणतात कामावरची श्रद्धा. पुन्हा टाळ्या. टोळीतले कुंभार तेवढे टाळ्या वाजवत नव्हते, त्यांच्या माना खाली गेल्या होत्या. महिपती पहिल्या पायरीवर पाय ठेवून तसाच उभा होता. खाली उतरल्यावर मामा त्याच्यापाशी थांबले. बराच वेळ दम गोळा केला.

"आता तुजा हात मोकळा हाय," ते म्हणाले. "कायबी कर. हे सोडून."

महिपती शिमग्यापर्यंत बापाशी बोलला नाही. त्याचा राग मला समजत होता. मुकादमी गेली, खोली गेली, सगळ्या गावादेखत गेली. नंतर तो जयसिंगपूरला एका टेंपोवर राहिला आणि पुढं स्वतःचा टेंपो घेतला. कारखाना काही थांबला नाही, आठवड्याभरात दुसरा मुकादम आला. टोळीतल्या दोघांनी मात्र त्या दसऱ्यानंतर काम सोडलं.

ओलं पोतं आणि वाळत घातलेल्या शेगड्या मामांनी जुन्या भट्टीच्या खड्ड्यात पुरायला लावल्या. विकलेल्या परत आणायला मी घरोघर फिरले. एकीनंही दिली नाही. असली शेगडी आता कुठं मिळते, असं म्हणायच्या, आणि मी हट्ट धरला तर त्यांना वाटायचं की मालन भाव वाढवून दुसरीकडं विकणार. मामा दुसऱ्या वर्षी गेले. आत्याबाई त्यांच्यामागं तीन वर्षं होत्या. त्या शेवटी उशा लावून बसूनच झोपायच्या. पत्रिका त्यांच्या उशाशी असायची, आणि मी त्यांचं बोट धरून बरोबर नावावर ठेवायची.

डॉक्टरनं सांगितलेली पंधरा-वीस वर्षं कधीच उलटून गेली. जुनं घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं. जिना बांधायचा राहून गेला, म्हणून गच्चीवर जायला अजून शिडीच लागते, आता लोखंडी. दसऱ्याला आठवडा उरला की मी ती भिंतीला लावते आणि चढून बघते. महिपती खाली शिडी धरतो. मी का चढते ते त्यानं कधी विचारलेलं नाही. वर पोचले की झेंडूची कुंडी सारखी करते, टाकीत डोकावते आणि उतरते. मग आम्ही चहा घेतो, आणि पुढचं वर्षभर मला एका जागी बसता येतं.

यंदाही तशीच चढले. चौथ्या पायरीवर पाय थांबले. मी दोन्ही हातांनी शिडी धरली. खालून महिपतीनं विचारलं, "काय झालं गं?"

मी मान वर केली. वर नुसतं आभाळ होतं.

"काही नाही," मी म्हणाले. "कौलं बघतीय."